बोलत चढायचा घाट

२ नोव्हेंबर, रविवार

शेवटी ठरलं. डिसेंबरात मेळघाट. हे सायकलवर आणि मी मागून गाडीत.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा मी मनातल्या मनात सायकलीचा निरोपसमारंभ उरकून टाकला होता. टेलिफोन खात्यातून व्हीआरएस घेतल्यावर माणसाला काहीतरी नाद हवा म्हणून मीच ती घेऊ दिली होती. पण डॉक्टरांनीच हळूहळू चालवा म्हटलं, आणि हळूहळू करत हे मेळघाटापर्यंत पोचले. आज आमच्या नागपुरातल्या बेसाच्या घरी सायकलवाल्यांची बैठक झाली. पोह्यांची मोठी कढई संपली. ग्रुपचा म्होरक्या रोशन, बँकेत अधिकारी आहे, म्हणाला, "काकू, झाडू गाडी तुम्ही चालवा." झाडू गाडी म्हणजे सगळ्यांच्या मागची. जो थकेल, ज्याचं काही मोडेल, त्याला झाडून गोळा करत न्यायचं. मी लगेच हो म्हटलं. ह्यांच्यावर नजर ठेवायला दुसरा उपाय नाही.

"तू कायले येते वं नंदा? शाळा आहे, गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे, त्यात हे."

"आणि रस्त्यात तुम्हाले काही झालं तर?"

"काही होत नाही."

हे ह्यांचं लाडकं वाक्य. ऑपरेशनच्या टेबलावर झोपतानाही हेच म्हणाले होते. मला त्या वाक्याचा आता राग येतो. भांडी घासायला मदत केली, हे मात्र लिहायला हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार

रोशनने रस्ते पाठवले. दोन आहेत. एक परतवाड्याहून धामणगाव गढीवरून थेट चिखलदरा. मोबाईलवर त्याचा चढ बघितला, भिंतच. दुसरा परतवाड्याहून बिहालीवरून घटांगला चढायचं, मग उतरत सिपना नदीकाठी सेमाडोह, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी जंगलातून चिखलदरा. लांब आहे, पण चढ हप्त्याहप्त्याने येतो. मी ठासून दुसरा सांगितला. राष्ट्रीय उद्यानाच्या आत सायकल न्यायची नाही, डांबरी रस्ता सोडायचा नाही आणि ऊन उतरायच्या आत मुक्कामी पोचायचं, असे रोशनचे नियम आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही म्हणे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, घाट चढा, पण बोलता येईल एवढ्याच वेगाने. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की उतरायचं. मला हे फार पटलं. ठोके मोजायच्या यंत्रापेक्षा हे बरं, मला कळतं तरी. ठरवून टाकलं की दर किलोमीटरच्या दगडाला गाडी ह्यांच्या बाजूला आणायची, काच खाली करायची आणि एक प्रश्न विचारायचा. उत्तर पूर्ण वाक्यात.

"म्हणजे घाटात पण तुयी शाळा," हे म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

नागपूरला चढ कुठे आहे? म्हणून हे लोक सेमिनरी हिल्सवर त्याच त्या चढावर वर-खाली करत राहतात, नाहीतर उड्डाणपुलांवर. पहाटे गेलो. मी मागून गाडीत.

"काल रात्री भाजी कोणती होती?"

"काल रात्री तू दोडक्याची भाजी केली होती आन त्यात मीठ कमी होतं."

पूर्ण वाक्य, वर तक्रार. ठीक आहेत.

वर पोचल्यावर सगळ्यांसाठी डिकीतून पाण्याचा कॅन काढला आणि एकदम गळून गेल्यासारखं झालं. चिन्मयीने हातातून कॅन घेतला. ही ग्रुपमधली सगळ्यात लहान, दातांची डॉक्टर, तोंडाने चुरूचुरू. "काकू, तुम्ही बसा," म्हणाली. बसले. झोप पुरी होत नाही, दुसरं काय.

घरी लिफ्ट बंदच आहे. जिना चढताना ह्यांना दम लागू नये म्हणून मी आता प्रत्येक मजल्यावर थांबते. पिशवी खाली ठेवते, काहीतरी बोलायला काढते. "थांबा जरा, घाई काय आहे?" म्हणते. हे बिचारे थांबतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेला सुट्टी टाकली. काल मौद्याला चुलत पुतण्याचं लग्न होतं. सावजी मटण. ह्यांना मी हात लावू दिला नाही, आणि ह्यांच्या वाटचं परत कसं करायचं म्हणून तेही मीच खाल्लं. त्याची शिक्षा झाली. परत येताना भंडारा रोडवर असा घाम फुटला की ब्लाउज भिजून गेला. पाठीत, खांद्यांच्या मधोमध, कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं. जबडासुद्धा दुखत होता. गाडी बाजूला घेऊन उलटी केली, मग थोडं बरं वाटलं.

"मी चालवतो," हे म्हणाले.

"गुमान बसा. तुम्हाले टेन्शन चालत नाही."

तशीच चालवत आले. आज दिवसभर अंथरुणात. ह्यांनी मूगडाळीची खिचडी केली. चांगली केली होती. सावजीला आयुष्यभरासाठी हात जोडले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एका दुकानदाराशी भांडले आणि जिंकले, म्हणून लिहिते.

अस्मिताने पुण्याहून पैसे पाठवले होते बाबांसाठी, छातीला बांधायचा पट्टा घ्या म्हणून. तो बांधला की मोबाईलवर हृदयाचे ठोके दिसतात. बोलण्याचा नियम आहेच, पण लेकीचं मन राखायचं म्हणून धरमपेठेतून आणला. हे घरी नव्हते, तेव्हा म्हटलं चालतो का ते आधी आपणच बांधून बघावं. सोफ्यावर बसले होते, हातात गवारीच्या शेंगा, आणि आकडा कधी नव्वदच्या खाली, कधी दीडशेच्या वर. नुसत्या उड्या. शेंगा मोडताना कुणाचे ठोके दीडशे पडतात?

तशीच दुकानात गेले. दुकानदाराने स्वतःला बांधला, तर आकडा गरीब गायीसारखा एका जागी. "मॅडम, पीस तो बढिया है. पट्टा गीला करके बांधो." आत जाऊन ओला करून बांधला. तरी उड्या. तो जरा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आप बैठो, पानी पियो." म्हटलं, पाणी नको, पीस बदलून द्या. दिला शेवटी. घरी येऊन ह्यांना नवा बांधला तर एकदम शिस्तीत चालला. म्हणजे आधीचा खराबच होता. शिकलेल्या बाईला फसवायला निघाले होते.

३० नोव्हेंबर, रविवार

रामटेकच्या गडावर सराव. हे चढले, मी प्रश्न विचारले, ह्यांनी उत्तरं दिली. शेवटच्या वळणावर तर स्वतःहून गोष्ट सांगायला लागले, पूर्वी टेलिफोनच्या खांबावर चढल्यावर खाली कुत्रं बसून राहिलं होतं ती. शंभरदा ऐकलेली आहे. पण एका दमात सांगितली, म्हणून आज मला ती आवडली.

चिन्मयीने चला काकू, गडावर फिरून येऊ म्हटलं. मी गाडीतच बसले. लोकांच्या चपला-बॅगा सांभाळायला कोणीतरी हवंच.

मला आता ह्या सगळ्याचा कंटाळा आला आहे. खरं लिहायचं तर तेच. पहाटे उठायचं, डबे भरायचे, ह्यांच्या गोळ्या, ह्यांचं बीपी, मग शाळा, पोरांचा नाच बसवायचा. काल लेझीम शिकवताना मधेच खुर्ची मागवली. पूर्वी मी स्वतः तासभर खेळायचे. एकदा हा घाट झाला की मी आठ दिवस नुसती झोपणार आहे.

३ डिसेंबर, बुधवार

अस्मिताचा फोन.

"आई, तू जिना चढून आली का आत्ता?"

"नाही वं, बसून आहे."

"मग अशी काहून बोलून राहिली? थांबून थांबून."

म्हटलं, सर्दी आहे. पायही सुजतात आजकाल संध्याकाळी, तेही सांगून बसले. झालं. डॉक्टरला दाखव, रक्त तपास, थायरॉइड बघ. म्हटलं बाई, आधी बाबांचा घाट होऊ दे, जानेवारीत सगळं करते. तशी ती रागावली. "तू नेहमी बाबांच्या मागे का लपते?" म्हणाली. मी कशाला लपू? एका घरात एकच पेशंट परवडतो. तिला संसार झाल्यावर कळेल.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात गेलो. वंदनेला सगळे उभे होते आणि मला उभं राहवेना. भिंतीशी खुर्ची होती तीवर बसले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी बसून वंदना घेतली. आई असती तर काय म्हणाली असती? लाज वाटली, रडूही आलं. बायकांना वाटलं मी दिवसामुळे रडते आहे.

ह्यांनी परतताना विचारलं, "बरी आहेस ना?"

"मले काय धाड भरली?"

उगाच तोडून बोलले मी. आजकाल कोणी विचारलं की चिडायला होतं. झोपताना दोन उश्या लागतात, त्याशिवाय छातीवर ओझं येतं. दोन उश्यांनी मान दुखते, आणि मान दुखली की मी चिडते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. परतवाडा.

दुपारी निघून अमरावतीवरून आलो. गाडी मीच चालवली. सायकली रोशनच्या गाडीच्या टपावर. लॉजवर पोचल्यावर ह्यांनी आपली सायकल खोलीत आणली, जुन्या बनियनने पुसली, साखळीला तेल दिलं. इतक्या मायेने माझी वेणीसुद्धा कधी कोणी घातली नसेल. पण ह्यांचा चेहरा असा खुलला होता की मी पुसायला आणखी एक फडकं काढून दिलं. उत्तरेला डोंगर दिसतात. हे खिडकीत उभे राहून मला दाखवत होते, घटांग त्या बाजूला, सेमाडोह त्याच्या पलीकडे.

"नंदा, मी परत सायकल चालवीन असं मले नव्हतं वाटलं. दवाखान्यात पडलो होतो ना, तेव्हा."

"मग मले काहून म्हणत होते काही होत नाही?"

"तू भेली असती ना."

मी भिऊ नये म्हणून हा माणूस दोन वर्षं खोटं बोलला. त्याच्यावर चिडायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. लवकर पडते. उद्या फक्त ह्यांचं नीट होऊ दे, मला दुसरं काही नको.

१३ डिसेंबर, शनिवार

बिहालीच्या पुढे थांबलो आहोत. रोशनचं टायर फुटलं, म्हणून गाडीत बसून लिहिते आहे. दोन्ही बाजूंना साग, पानं झडायला लागलेली, रस्त्यावर पिवळी रास. थंडी आहे आणि मला घाम येतो आहे. हीटर लावला नव्हता. सकाळचा चहा बाधला बहुतेक. हे छान चालवत आहेत. खरा चढ आता सुरू होईल. अजून सगळी वाक्यं पूर्ण.

१७ डिसेंबर, बुधवार. नागपूर.

आज लिहायची परवानगी मिळाली. जेवढं होईल तेवढं लिहिते.

त्या दिवशी टायर बदलून झालं आणि घाट लागला. एका मागून एक वळणं, एका हाताला दरी. बाकीचे पुढे गेले, हे आपल्या गतीने, चिन्मयी ह्यांच्या सोबतीला, मी मागे. पहिल्या दगडाला विचारलं, अस्मिताचा जन्म झाला तेव्हा पाऊस होता की ऊन? ह्यांनी अख्खी हकीगत सांगितली, रिक्षावाल्याच्या नावासकट. पुढच्या दगडाला काय विचारलं आठवत नाही. त्याच्या पुढच्याला मी काच खाली केली आणि एवढंच निघालं, "भाजी... कोणती..."

"कधीची भाजी?" हे हसत पॅडल मारत होते. "पूर्ण विचार ना वं. नियम तुयाच आहे."

मी बोलायला तोंड उघडलं. हवा आत गेली, शब्द बाहेर आले नाहीत. "काल... ची..."

ह्यांचं हसू गेलं. चढावर होते, तरी मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नंदा, थांबव गाडी. हँडब्रेक लाव." मी लावला. हे सायकलवरून उतरले आणि सायकल तशीच टाकून दिली, रस्त्याच्या कडेला, गोट्यांवर. मला पहिला विचार आला तो रंग खरवडल्याचा. दार उघडून माझ्या तोंडासमोर वाकले.

"आता तू बोल. तुयं नाव, माझं नाव, आपण कुठे राहतो. एका दमात."

"मी... नंदिनी..."

"बस झालं."

मी मान हलवत होते, म्हणजे मला म्हणायचं होतं की तुम्हाला दम लागला असेल, आधी पाणी प्या. चढ चढून आलेला माणूस सरळ बोलत होता आणि बसून आलेली मी दोन शब्द जोडू शकत नव्हते, हे मला तिथेसुद्धा कळलं नाही. चिन्मयीने माझं मनगट धरलं आणि तिचा चेहरा बदलला. "काका, खाली. परतवाड्याला. आत्ता." फोन कोणाचाच लागत नव्हता. ह्यांनी मला उचलून मागच्या सीटवर टाकलं, मी नका उचलू, नका उचलू असं काहीतरी पुटपुटत होते, आणि हे चाकामागे बसले. दोन वर्षांत मी ह्यांना गाडी चालवू दिली नव्हती. घाटातून अशी उतरवली की मला एक हिसका बसला नाही. चिन्मयी सारखी म्हणत होती, काकू, डोळे उघडे ठेवा.

दवाखान्यात डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सांगायला लागले, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सकाळी घेतली आहे. त्यांनी तसं लिहायला घेतलं. हे म्हणाले, "डॉक्टर, हे सगळं माझं सांगून राहिली ती. पेशंट मी नाही." तेव्हा मला कळलं.

तिथून अँब्युलन्सने नागपूर. मला एक झटका येऊन गेला आहे, बहुतेक महिन्याभरापूर्वीच. डॉक्टरांनी विचारलं, मधे कधी खूप घाम, उलटी, जबड्यात दुखणं झालं होतं का? मी म्हटलं, ते सावजीने झालं होतं. ते हसले नाहीत. ठोके अनियमित आहेत, हृदय थकलं आहे, तीन ठिकाणी अडथळे आहेत. स्टेंटने भागणार नाही, बायपास. परवा.

१८ डिसेंबर, गुरुवार

अस्मिता आली. पायाशी बसून पाय दाबत राहिली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. खाली औषधं आणायला गेली आहे.

मघाशी डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? मी आठवत होते, तर हे म्हणाले, "जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबायची. दिवाळीपासून. मले वाटे, माझ्यासाठी थांबते." आणि हे तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागले. मी म्हणणार होते की तुमच्यासाठीच थांबत होते. खरं काय ते मलाच आता सांगता येत नाही.

ग्रुपने राईड पुरी केली नाही. सगळे सेमाडोहहून परत फिरले. माझ्यामुळे ह्यांचं चिखलदरा राहिलं, ह्याचं मला वाईट वाटतं. तसं म्हटलं तर हे रागावले, खरोखर रागावले, असे मी फार कमी वेळा पाहिले आहेत.

उद्या सकाळी नेणार आहेत. नर्स दागिने काढून घ्यायला सांगून गेली. मी बांगड्या काढून ह्यांच्या हातात दिल्या. दोन वर्षांत मी किती वेळा ह्यांच्यासाठी घाबरले ह्याला गणती नाही, पण स्वतःसाठी घाबरायला मला सवड झाली नव्हती. मला मरायचं नाही. एवढं थकूनसुद्धा मला मरायचं नाही, अस्मिताचं लग्न बघायचं आहे, शाळेच्या पोरांचा नाच बघायचा राहिला आहे, नुसतं झोपून राहायचे ते आठ दिवस राहिले आहेत.

"अहो, मले भेव लागून राहिलं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, काही होत नाही. त्यांनी स्टूल कॉटला लावून घेतलं, बांगड्या खिशात ठेवल्या आणि माझा हात धरला.

"मले पण," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत मला एवढं हलकं वाटलं नव्हतं.